बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे

डिसेंबर २०२४. गॅसवर दूध ठेवलं होतं आणि कोपऱ्यावरचे निवृत्त फौजदार पेपरचं आतलं पान घेऊन दारात उभे. निविदा, नावात बदल, हरवलेली मार्कलिस्ट असल्या जाहिरातींचं ते पान. त्यात तळाला, मुंग्या चालल्यासारख्या अक्षरात महापालिकेची सूचना होती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, मंजूर विकास योजनेत फेरबदल. अमुक गटातलं 'क्रीडांगण' हे आरक्षण वगळून ते क्षेत्र 'सार्वजनिक-निमसार्वजनिक' विभागात घेण्याचं प्रस्तावित आहे, हरकती व सूचना एक महिन्यात लेखी द्याव्यात.

मी दोनदा वाचलं. गट नंबरावर बोट ठेवल्यावर उजेड पडला. हे तर आपलं ग्राउंड!

"म्हणून तर आलो," फौजदार म्हणाले. "विद्यापीठानं घेतलंय ते. आता तिथं इमारत उठणार. हरकत घालायची. तुम्ही लिहा. बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर लिहिलं, त्याचं हे फळ. दूध उतू गेलं ते वेगळंच.

आमची वसाहत सांगलीत, शंभर फुटी रस्त्यावरून आत वळलं की लागते. गुंठेवारीतली. म्हणजे कुणा शेतकऱ्यानं एकराचे चाळीस तुकडे पाडले आणि ज्याला जसा परवडला तसा एक गुंठा, दोन गुंठे विकला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यात मावेल तेवढं घर. गटार कुठून, रस्ता केवढा, पाणी कुठं जाणार, हे घेणाऱ्यानं विचारलं नाही आणि विकणाऱ्यानं सांगितलं नाही. आम्ही १९९६ साली दोन गुंठे घेतले. पुढं २००१ च्या गुंठेवारी कायद्यात दंड भरून घर नियमित झालं. ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी २०२१ मध्ये कायद्यात बदल होऊन डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत आली. तरी गल्लीत निम्म्यांच्या फायली अजून कुठल्या ना कुठल्या टेबलावर आहेतच. हे मुद्दाम सांगतेय, पुढं उपयोगाला येणार आहे.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पहिल्यांदा ते भाड्याच्या एका इमारतीत आलं, तेव्हा आम्हाला कौतुक होतं. मग शेजारची जागा घेतली. मग आमच्या पलीकडच्या गल्लीतली चार घरं एकामागून एक घेतली आणि त्यांची वसतिगृहं झाली. सांगलीला कॉलेजं नवी नाहीत. विलिंग्डन १९१९ चं, वालचंद १९४७ चं. पण ती दोन्ही सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर आली आणि विश्रामबागची वस्ती त्यांच्या भोवतीनं नंतर वाढली. तिथं घर घेणाऱ्याला शेजारी कोण आहे हे आधीच ठाऊक होतं. आमच्याकडं उलटं झालं, घरं आधी आणि विद्यापीठ नंतर.

हरकत लिहायची तर नकाशा बघायला हवा, म्हणून नगररचना विभागात गेले. आधी माजी नगरसेवकांना फोन केला होता. ते म्हणाले, "बाई, आता मी माजी. मला कोण विचारतंय?" खरंच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक होते. म्हणजे फेरबदलाचा ठराव प्रशासकांचा, त्यावरच्या हरकती घेणार त्यांचंच कार्यालय आणि शिफारस करून शासनाकडं पाठवणारही तेच. मी शाळेत असताना पेपर काढणारा, तपासणारा आणि पुनर्तपासणी करणारा एकच असला की पालक माझ्या नावानं शंख करायचे.

तिथला लिपिक मात्र भला माणूस. त्यानं नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर स्टेपलर, पंच, पाण्याची बाटली आणि स्वतःचा मोबाइल ठेवला आणि म्हणाला, "बघा निवांत." क्रीडांगण दिसलं. आमचा रस्ता नऊ मीटर दाखवला होता. प्रत्यक्षात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी फाटकात घुसावं लागतं. आणि नाला! नकाशात तो पट्टीनं आखल्यासारखा सरळ जातो. जागेवर तो विद्यापीठाच्या नव्या भिंतीपाशी काटकोनात वळतो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन घुटमळतो.

लिपिक हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू? हे आरक्षण राहिलं तरी काय होणार? महापालिकेनं दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द. पैसा कुठाय घ्यायला?"

म्हणजे मी ज्याला आमचं ग्राउंड म्हणत होते ते आमचं कधी नव्हतंच. महापालिकेचंही नव्हतं. ते होतं आप्पांचं.

आप्पा म्हणजे इथले मूळ शेतकरी. ज्या शेताचे तुकडे होऊन आमची घरं झाली, त्यातला शेवटचा उरलेला तुकडा तो. त्यांच्याकडं सही मागायला जायचं धाडस फौजदारांना झालं नाही, मीच गेले. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. कागद बघायलाही हात पुढं केला नाही.

"बाई, तुमची पोरं तिथं क्रिकेट खेळून मोठी झाली. मी एक दिवस तरी हाकललं का?"

"नाही आप्पा."

"गणपतीचा मांडव, लग्नाच्या पंगती, सगळं माझ्या रानात. आरक्षण पडलं म्हणून बँक कर्ज देईना, गिऱ्हाईक दारात येईना. घरात दोन लग्नं निघाली. तवा कुणी सह्या गोळा केल्या?" शेंगेचं टरफल त्यांनी बाजूला टाकलं. "आता एक गिऱ्हाईक आलं, ते आरक्षणासकट घ्यायला तयार झालं. मग मी काय करायचं? तुम्ही देताय का वर्गणी काढून?"

मी काही बोलले नाही. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या पिशवीत घातल्या. घरी येऊन मी लिहिलेल्या मसुद्यातलं पहिलं वाक्य खोडलं. ते होतं, 'मुलांचे हक्काचे मैदान हिरावून घेतले जात आहे.' हक्काचं? कुणाच्या?

मग हरकतीत उरलं काय? तर पाणी.

आमच्याकडं वर्षं पुरानं मोजतात. २००५, २०१९, २०२१. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी चाळीस फूट, धोका पंचेचाळीस. चाळीस म्हटलं की आम्ही खालच्या गाद्या माडीवर नेतो, पंचेचाळीसला गॅसची टाकी. २०१९ ला कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पण तो महापूर, तो सगळ्या सांगलीचा. त्याचं काय करायचं ते सरकार बघेल. आमचं रोजचं दुखणं दुसरं आहे. काळी माती, पाणी मुरत नाही, फक्त फुगते. जोराचा पाऊस तासभर झाला की पाणी उताराकडं धावतं, आणि उतार होता त्या ग्राउंडातून नाल्याकडं. विद्यापीठानं शेजारच्या जागेवर बांधलं तेव्हा आधी तांबड्या मुरमाचा तीन फूट भराव टाकला. पंधरा दिवस डंपर येत होते. तेव्हापासून त्या बाजूचं पाणी आमच्याकडं येतं. मध्ये महापालिकेनंही रस्ता उचलला, खडी-डांबराचे थर चढवले. घर बांधलं तेव्हा मला चार पायऱ्या होत्या. आता दीड राहिली आहे. ग्राउंडवर भराव पडला तर ती दीडही जाईल आणि उंबऱ्यावर विटा रचायला लागतील.

हे सगळं मी एका पानात लिहिलं. फौजदारांना त्यात 'तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हवं होतं. गल्लीतल्या तरुण वकिलानं ते काढलं आणि 'सदर', 'उक्त' असे दहा-बारा शब्द घातले. एकूण हिशेब सारखाच राहिला.

सह्या गोळा करायला आठ दिवस लागले. एकशे बारा घरं. मला वाटलं होतं विरोध करणारे आणि न करणारे, अशी सरळ विभागणी असेल. वर्गातसुद्धा एवढं सोपं नसतं.

खानावळवाल्या काकींनी कागद पूर्ण वाचला आणि परत दिला. त्यांच्याकडून साठ डबे जातात. "ती पोरं हायत म्हणून माझ्या घरात दोन वेळची चूल पेटती. पाणी माझ्याबी घरात येतं, बाई. पण पाणी चार दिवस, डबा बारा महिने." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नाल्याचा वेगळा कागद करा, त्याच्यावर दोनदा सही करते."

तिसऱ्या गल्लीतल्या एका घरात नवरा सही करायला बसला तर बायकोनं पेन काढून घेतलं. त्यांची गुंठेवारीची फाईल अडकलेली. "सही केली की पत्ता आला. पत्ता आला की आमचंच घर मोजायला येतील. तुमचं नियमित झालंय, तुम्हाला काय!" अशी वीसेक घरं निघाली. त्यांना विद्यापीठाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना कुठल्याच सरकारी कागदावर दिसायचं नव्हतं.

एकानं सही केली आणि लगेच विचारलं, "पण झालंच समजा, तर गुंठ्याचा दर कितीवर जाईल?"

एक मुलगा, बुलेटवाला, ज्याच्या फटफटीनं मी रोज दुपारी दचकून उठते, तो म्हणाला, "मॅडम, माझी बहीण तिथं शिकते. घरातनं चालत जाते. नाहीतर बाबांनी पुण्याला कुठं पाठवली असती!" मी त्याच्यावर चिडायच्या तयारीतच गेले होते. खाली मान घालून परत आले.

आणि मी? माडीवरच्या दोन खोल्यांत तीन मुली राहतात, कॉट बेसिसवर. त्याच विद्यापीठाच्या. पेन्शन आहे माझी, पण हे गेल्यानंतर घरात आवाज नव्हता. भाडं हे एक कारण आहे आणि रात्री जिन्यावर पावलं वाजतात हे दुसरं. हे फौजदारांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, तोंडावर कुणी बोललं नाही एवढंच. खानावळवाल्या काकी मात्र हसल्या होत्या.

त्या मुलींना मी कागद दाखवला. दोघी जतच्या, एक आटपाडीची. दुष्काळी भागातल्या पोरी, त्यांना पाणी जास्त होतं ही तक्रारच आधी गंमत वाटली. आटपाडीची म्हणाली, "आम्ही सही करायची का, बाई? आम्ही इथल्या थोड्याच!" तीन वर्षं राहते ती इथं. तिनं मग नकाशाच्या झेरॉक्सवर बोट ठेवून दाखवलं, ग्राउंडच्या कडेनं वसतिगृहाकडं जाणारी पायवाट, तिथं एकही दिवा नाही आणि लायब्ररी रात्री दहाला बंद होते. आमच्या एकशे बारा घरांपैकी कुणाच्याही तोंडून हा मुद्दा आला नव्हता. मी तो सातवा मुद्दा म्हणून घातला. फौजदार म्हणाले, "हा त्यांचा मुद्दा झाला, आपला नव्हे." मी तो राहू दिला. अक्षर माझं होतं.

शेवटी त्रेसष्ट सह्या. मुदतीच्या दोन दिवस आधी आवक खिडकीवर दिल्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर मारून घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे मी नोकरीत शिकले आहे. शिक्क्याची शाई फिकी होती, परत मारायला लावला.

सुनावणीचं पत्र मार्चमध्ये आलं. वेळ सकाळी अकराची, नंबर लागला पावणेदोनला. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी आप्पा येऊन बसले, धोतर-टोपी, हातात त्यांचा कागद. त्यांनी फेरबदलाच्या बाजूनं सूचना दिली होती. दोन तास आम्ही शेजारी बसून होतो. त्यांनी चहा सांगितला, मी पिशवीतला भडंग काढला. समोरासमोरचे पक्षकार म्हणून बघायला गेलं तर आम्ही अगदीच कुचकामी होतो.

आत विद्यापीठाच्या आर्किटेक्टनं मोठा रंगीत नकाशा भिंतीला लावला होता. गोल गोल हिरवी झाडं, पाठीवर सॅक घेतलेली माणसं. नाला निळा दाखवला होता. मी तिथं अठ्ठावीस वर्षं राहते, आमचा नाला मी काळा, तपकिरी, साबणाच्या फेसानं पांढरा असा सगळ्या रंगात पाहिला आहे, निळा कधी नाही. त्यांच्या हद्दीबाहेरचं सगळं कोरं होतं. आमची घरं म्हणजे नुसता पांढरा कागद.

अधिकारी सौजन्यानं बोलले, हे सांगायला हवं. म्हणाले, "बाई, तुमचा फेरबदलाला विरोध आहे की नाही, तेवढं स्पष्ट सांगा."

मी म्हटलं, "विद्यापीठाला विरोध नाही. भरावाला आहे. पाणी कुठं जाणार ते आधी ठरवा, नाला मोकळा करा, रस्ता कागदावर आहे तेवढा करा, मग बांधा."

"ही सुनावणी जमिनीच्या वापराची आहे. पाण्याचं आणि रस्त्याचं बांधकाम परवानगीच्या वेळी बघितलं जातं."

"तेव्हा आम्हाला बोलावतात का?"

ते क्षणभर थांबले. "तेव्हा सुनावणी नसते."

शेजारी बसलेल्या लिपिकानं, तोच तो नकाशावाला, खाली बघून लिहायला सुरुवात केली. मी सात मुद्दे वाचून दाखवले. दिव्याचा मुद्दा आला तेव्हा आर्किटेक्टनं मान वर केली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. एकंदर सहा-सात मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर फौजदार विचारतात, "काय, ठणकावलं का?" मी म्हटलं, पाणी प्यायला द्या आधी.

आप्पांचा नंबर माझ्यानंतर होता. ते दोन मिनिटांत आले. मग आम्ही एकाच रिक्षानं घरी आलो. भाडं त्यांनी दिलं. म्हणाले, "आता पैसं हायत माझ्याकडं." आणि स्वतःच हसले.

एप्रिलच्या शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, हरकतीचं पुढं काय झालं म्हणून. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. प्रस्ताव अहवालासह शासनाच्या नगरविकास विभागाकडं सादर करण्यात आला आहे. आपल्या हरकतीची नोंद घेण्यात आली आहे. सोबत अहवालाची प्रत होती, तिच्या तक्त्यात आमच्या त्रेसष्ट जणांसमोर एकच शब्द होता, 'विरोध'. आप्पांसमोर 'पाठिंबा'. खानावळवाल्या काकी, बुलेटवाला, फाईल अडकलेली वीस घरं, माडीवरच्या पोरी, यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

एक गोष्ट झाली. पायवाटेवर दोन दिवे लागले, विद्यापीठानं लावले. कुणी सांगितलं म्हणून, की त्यांचं आधीच ठरलं होतं, कोण जाणे. आटपाडीची पोरगी म्हणते, "बाई, तुमच्यामुळं." मी नाही म्हणत नाही.

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. नालेसफाई व्हायची होती. मी आणि काकींनी मिळून तो वेगळा नाल्याचा कागद केला होता, त्यावर मात्र एकशे चार सह्या आल्या, फायली अडकलेल्यांच्यासुद्धा, नुसतं नाव, घर नंबर न घालता. कागदाचा परिणाम म्हणा किंवा पावसाचा, पोकलेन आला. पहिल्या दिवशी वरच्या अंगाचा गाळ काढला, केवढ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक आख्खी गादी. दुसऱ्या दिवशी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. पुढं नाल्यावर स्लॅब टाकून पत्र्याची शेड बांधलेली आहे, गाडी लावायला. ड्रायव्हरनं मुकादमाला फोन लावला, मुकादमानं आणखी कुणाला तरी. तासाभरानं पोकलेन वळून निघून गेला.

शेड फौजदारांची आहे. "पावसाळा संपला की काढतो," म्हणाले, "आत्ता गाडी कुठं लावू?"

संध्याकाळी काकी, बुलेटवाला आणि तिसऱ्या गल्लीतली ती पेन काढून घेणारी बाई असे तिघं माझ्याकडं आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग काकी म्हणाल्या, "शेडचा एक अर्ज लिहायला पाहिजे, बाई. तुमचं अक्षर चांगलं आहे."

कागद काढला आहे. वर तारीख घातली आहे, २ जून २०२५. 'प्रति, मा. आयुक्त' लिहून झालं. 'विषय' पुढं दोन टिंबं देऊन ठेवली आहेत.